केनिया, ऑगस्ट 2022: ऐन निवडणुकीत केलेली सफारी आणि ती नीट पार पाडणाऱ्या कंपनीचा रिव्ह्यू

हा रिव्ह्यू खरं तर तेव्हाच लिहायला हवा होता, राहून गेला. आता लिहितेय कारण ओळखीतले दोन-तीन जण 2027 च्या ऑगस्टमध्ये मसाई मारा करायचं म्हणतायत आणि त्यांच्या लक्षातच आलेलं नाही की केनियाची पुढची निवडणूक 10 ऑगस्ट 2027 ला आहे. तिथल्या घटनेतच लिहिलंय, दर पाचव्या वर्षी ऑगस्टचा दुसरा मंगळवार. आणि ऑगस्ट म्हणजे नेमका वाइल्डबीस्टचे कळप मारा नदी ओलांडतात तो सीझन, आपल्याकडून सगळ्यात जास्त गर्दी जाते तो. आम्ही 2022 ला असेच गेलो होतो, मी, नवरा, तेरा वर्षांचा मुलगा आणि सासरे, ते तेव्हा 68 चे. मतदान 9 ऑगस्टला होतं, आमचं विमान 6 ला जायचं आणि 16 ला परत.

कंपनी नैरोबीची, छोटी, दोन भाऊ चालवतात, पाच-सहा गाड्या आहेत. नाव इथे लिहीत नाही कारण खाली आमच्या ड्रायव्हर-गाईडच्या घरचं आणि कॅम्पमधल्या मुलांचं बरंच काही येतंय आणि राजकारणाच्या गोष्टीत त्यांची ओळख पटावी असं मला वाटत नाही. ज्यांना जायचंय त्यांना मी प्रत्यक्ष सांगेन.

आधी बुकिंगचं सांगते, कारण खरा फरक तिथेच कळला. पहिल्यांदा आम्ही इकडच्याच एका एजंटकडे गेलो होतो. मी विचारलं की अहो तेव्हा तिथे निवडणूक आहे ना, तर म्हणाले, "काही होत नाही हो मॅडम, टुरिस्टला कोणी हात लावत नाही, तुम्ही बिनधास्त जा." त्यांच्या इटिनररीत शेवटचे दोन दिवस नैरोबीत होते, 15 तारखेला जिराफ सेंटर आणि हत्तींच्या पिल्लांचं अनाथालय. मला तेव्हा यात काही खटकलं नाही. नंतर एका मैत्रिणीने या नैरोबीच्या कंपनीचा नंबर दिला, मी तीच इटिनररी त्यांना पाठवली आणि रेट विचारला. रेट आलाच नाही, फोन आला. धाकटा भाऊ बोलत होता. म्हणाला, ही इटिनररी मी करून देणार नाही, कारण मतदानानंतर निकाल जाहीर करायला आयोगाला सात दिवसांची मुदत असते म्हणजे 16 तारखेपर्यंत कधीही लागेल, सगळ्या देशाच्या मतांची बेरीज होते ते बोमास ऑफ केनिया नावाचं ठिकाण लांगाटा भागात आहे आणि तुमचं जिराफ सेंटर त्याच बाजूला आहे, त्या दिवशी तिथे नुसते पोलीस असतील. तुम्ही शेवटचे दोन दिवस शहरात राहूच नका, माराला थांबा आणि 16 ला थेट एअरपोर्टला या.

मी विचारलं, म्हणजे दंगल होईल का? तर तो म्हणाला, मला माहीत नाही. 2013 ला झालं नाही, 2017 ला थोडं झालं, 2007 ला खूप वाईट झालं, यावेळी काय होईल ते मी सांगू शकत नाही, पण झालं तर तुम्ही कुठे असाल ते मी आज ठरवू शकतो.

या एका वाक्यावर आम्ही पैसे भरले.

2007 चं ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, 27 डिसेंबर 2007 ला मतदान झालं, निकालावरून वाद पेटला आणि पुढच्या दोनेक महिन्यांत अकराशेच्या वर माणसं मारली गेली, सहा लाखांच्या आसपास लोक घरदार सोडून पळाले, शेवटी संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान मध्ये पडले आणि फेब्रुवारी 2008 च्या शेवटी समझोता झाला. 2017 ला तर तिथल्या सुप्रीम कोर्टाने राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकच रद्द केली आणि ऑक्टोबरमध्ये परत मतदान झालं. त्यामुळे तिथली माणसं निवडणूक म्हटलं की काय होऊ शकतं ते मनात धरूनच असतात, आणि बाहेरून येणाऱ्याला "काही होत नाही" म्हणणारा माणूस एकतर तिथला नसतो किंवा त्याला आपलं बुकिंग हवं असतं.

बुकिंगच्या अटी मी मागितल्यावर ईमेलने लेखी आल्या. न मागता यायला हव्या होत्या, हा एक मायनस. अटी चांगल्या होत्या, मतदानाची तारीख हलली तर आपली तारीख फुकट बदलून मिळणार, आणि नारोकचा (माराच्या वाटेवरचं गाव) रस्ता बंद झालाच तर माराच्या धावपट्टीवरून छोट्या विमानाने नैरोबीच्या विल्सन एअरपोर्टला आणायचं, त्याचा रेट काय ते त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं, पैसे आमचे पण सीट बघायची जबाबदारी त्यांची. आमच्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये दंगल-बंद वगैरे कारणाने झालेला खर्च मिळणार नाही असं बारीक अक्षरात होतं, ते याच भावाने "जरा वाचून बघा" म्हटल्यावर आम्ही वाचलं. जे जाणार असतील त्यांनी हे आधी वाचा.

आता प्रत्यक्ष प्रवास. 6 ला नैरोबी, एक रात्र एअरपोर्टजवळ, आणि 7 ला सकाळी नैवाशा. गाईड घ्यायला आला, साधारण पस्तिशीचा, शांत. गाडीत बसायच्या आधी त्याने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, मुलाच्या अंगात चेन्नई सुपर किंग्सचा पिवळा टी-शर्ट होता, धोनीचा. तो म्हणाला हा शर्ट छान आहे पण गावातून जाताना वरून जॅकेट घाल, कारण पिवळा हा इथे एका पक्षाचा रंग आहे. राष्ट्राध्यक्षपदाला उभे असलेल्या विल्यम रुटोंच्या यूडीए पक्षाचा, त्यांचं चिन्ह मातीकामाची एकचाकी हातगाडी. दुसरी गोष्ट मला आजही आठवली की बरं वाटतं. मी सासऱ्यांना हाक मारली, "बाबा, पुढे बसा." तर तो हळूच म्हणाला, ताई नाही म्हणाला अर्थात, मॅडम म्हणाला, की बाजारात किंवा पंपावर ही हाक मोठ्याने मारू नका, इथे "बाबा" म्हणजे रुटोंच्या विरोधात उभे असलेले राइला ओडिंगा, सगळा देश त्यांना याच नावाने ओळखतो, लोक वळून बघतील. पुढचे दहा दिवस आम्ही सासऱ्यांना "म्झे" म्हणत होतो, स्वाहिलीत वडीलधाऱ्यांना मानाने म्हणतात तसं, आणि त्यांना ते इतकं आवडलं की घरी नातू अजून तसंच म्हणतो.

याला मी सर्व्हिस म्हणते. गाडीत पाण्याच्या बाटल्या आणि दुर्बीण सगळेच देतात.

नैवाशाला तीन रात्री होत्या. एजंटच्या प्लॅनमध्ये एकच होती. तीन का, तर गाईडचं मत त्याच भागात होतं आणि कंपनीचा नियम असा की मतदानाच्या दिवशी एकही गाडी लांबच्या रस्त्यावर काढायची नाही आणि प्रत्येक ड्रायव्हरला मत द्यायला सोडायचं. आमचं काही बिघडलं नाही. तळ्यावर बोटीतून पाणघोडे बघितले, जवळच्या हेल्स गेट पार्कमध्ये सायकली चालवल्या, आणि बाबांची तर चैनच झाली. ते आयुष्यभर नाशिकला, नांदूर मध्यमेश्वरला दर हिवाळ्यात पक्षी बघायला जाणारे, इथे त्यांना आफ्रिकन फिश ईगल बोटीच्या डोक्यावरून झेपावून मासा उचलताना दिसला, ते किती तरी वेळ बोललेच नाहीत.

9 तारखेला गाईड पहाटे चारला गेला. मतदान सहाला सुरू होतं. साडेदहाला परत आला आणि आल्या आल्या मुलाला बोटावरची शाई दाखवली, आपल्यासारखीच. मुलाने शंभर प्रश्न विचारले आणि त्याने एकही टाळला नाही. एका माणसाला सहा मतपत्रिका, प्रत्येकीचा रंग वेगळा, राष्ट्राध्यक्ष, गव्हर्नर, सिनेटर, खासदार, महिला प्रतिनिधी आणि वॉर्डाचा सदस्य. मतपत्रिका छापून आल्या ग्रीसहून. मशीन असतं पण ते बोटाचा ठसा घेऊन मतदार ओळखायला, मत कागदावरच. राष्ट्राध्यक्ष व्हायला निम्म्याच्या वर मतं लागतात, नाहीतर पहिल्या दोघांत परत मतदान. कोणाला मत दिलं ते आम्ही विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी तळ्याकाठी चहा घेताना मात्र तो आपणहून बोलला. जानेवारी 2008 ला नैवाशातही घरं जाळली होती, माणसं मारली होती. तो तेव्हा विशीतला, इथल्या गुलाबाच्या फार्मवर पॅकिंगला होता, शेजारच्या खोलीत राहणारं कुटुंब रातोरात गेलं ते परत आलंच नाही, त्यांची एक सायकल त्याच्याकडे राहिली होती ती त्याने बरीच वर्षं विकली नाही. एवढंच सांगितलं. मग म्हणाला, उद्या सहाला निघायचंय, लंच बॉक्स सांगून ठेवलाय.

माराबद्दल मी फार लिहीत नाही, त्यावर सगळेच लिहितात. सहा रात्री होतो, नदी ओलांडताना दोनदा बघितलं, एकदा तर पाऊण तास कळप काठावर थांबून होता आणि मग अचानक सगळे सुटले. गाईडबद्दल एवढं सांगते की क्रॉसिंगला बाकी गाड्या पुढे घुसत होत्या, प्राण्यांची वाट अडत होत्या, हा मागे थांबला, इंजिन बंद, आणि म्हणाला त्यांना जागा दिली तरच ते उतरतील. फोटो थोडे लांबून आले. मला चालतंय. सेक्रेटरी बर्ड, क्राऊन्ड क्रेन, आपल्या नीलकंठाच्या घरातला तो जांभळ्या छातीचा रोलर, बाबांच्या वहीत चार पानं भरली.

पण खरं सांगायचं तर 10 पासून 15 पर्यंत सगळ्यांचं अर्धं लक्ष फोनवर होतं. यावेळी आयोगाने एक चांगली गोष्ट केली होती, 46 हजारांच्या वर मतदान केंद्रं आणि प्रत्येक केंद्राचा निकालाचा फॉर्म, 34 ए म्हणतात त्याला, स्कॅन करून सगळ्यांना बघता येईल असा वेबसाइटवर टाकला होता. गाईडने रेंज आली तसा आपल्या केंद्राचा फॉर्म उतरवून घेतला, त्याच्या भावाने केंद्राच्या दारावर लावलेल्या कागदाचा फोटो पाठवला होता, दोन्ही शेजारी ठेवून आकडे जुळवले आणि मग फोन खिशात टाकला. टीव्हीवर मात्र गोंधळ होता कारण चॅनलवाले तेच फॉर्म आपापल्या क्रमाने मोजत होते, एकावर रुटो पुढे तर दुसऱ्यावर ओडिंगा, आणि त्याने लोकांची घालमेल उलट वाढत होती. नारोकला एका दुकानात (स्वाहिलीत दुकानाला डुका म्हणतात, गाडीला गारी, सरकारला सेरिकाली, मुलगा असे शब्द गोळाच करत होता) मक्याच्या पिठाच्या पिशव्या संपलेल्या. उंगा म्हणतात त्याला, त्याची उगाली होते, रोजचं जेवण. दोन किलोची पिशवी दोनशे शिलिंगच्या वर गेलेली, सरकारने जुलैमध्ये अनुदान देऊन शंभरवर आणली, आणि निवडणूक म्हणून लोकांनी भरून ठेवली. शाळांना सुट्टी. बरेच लोक शहर सोडून गावी गेलेले. आपण सुट्टीवर आलोय आणि ज्या माणसांच्या जिवावर आपली सुट्टी चाललीय ती मात्र पीठ भरून ठेवतायत, हे मला त्या दिवसांत सतत टोचत होतं.

15 तारीख, सोमवार. निकाल दुपारी तीनला म्हणाले होते, पाच वाजले तरी काही नाही. मॅनेजरने येऊन पाहुण्यांना विचारलं की डायनिंगमध्ये टीव्ही लावला तर चालेल का, आमची मुलं बघतील. आम्ही, एक जर्मन जोडपं आणि स्टाफमधले आठ-दहा जण, सगळे उभे. आयोगाच्या सातपैकी चार सदस्यांनी वेगळी पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की हा निकाल आम्हाला मान्य नाही. बोमासच्या स्टेजवर ढकलाढकली झाली. मी मुलाचा हात धरून ठेवला होता. मग सहानंतर आयोगाचे अध्यक्ष चेबुकाटी आले आणि आकडे वाचले, रुटो 50.49 टक्के, ओडिंगा 48.85. मागून कोणीतरी पुटपुटलं, "लाकी म्बिली." मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, आई, दोन लाख! त्यांच्याकडेही लाखाला लाकीच म्हणतात. एक कोटी चाळीस लाखांच्या वर मतं पडली आणि फरक सव्वादोन लाखांच्या थोडा वर.

कोणी ओरडलं नाही, टाळ्याही नाहीत. वाढपी मुलगा एल्डोरेटच्या बाजूचा, म्हणजे रुटोंच्या भागातला, आणि आचारी किसुमूचा, ओडिंगांच्या. किसुमूत टायर जाळल्याची बातमी थोड्या वेळात आलीच, नैरोबीत किबेरा आणि मथारेतही. कॅम्पमध्ये मोबाईलची रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळच्या टेकाडावर यायची, आचारी तिकडे घरी फोन लावत उभा होता आणि वाढपी मुलगा किचनमध्ये एकटा भांडी घासत होता, जेवण त्यानेच वाढलं, सूप थोडं गार होतं. सूपबद्दल मी एक स्टारसुद्धा कापणार नाही.

रात्री नऊला नैरोबीहून मोठ्या भावाचा फोन आला. उद्या पाचला निघा, गाडीची टाकी भरलेली आहे, नारोकला मी माझ्या माणसाला विचारलंय रस्ता मोकळा आहे, दर तासाला गाईड मला मेसेज करेल, नैरोबीच्या अलीकडे लिमुरूला आलात की पुढचं सांगतो. आणि तसंच झालं. नारोकपर्यंत रस्त्यावर गुरं आणि शुका (मसाई लोकांची चादर) गुंडाळलेले गुराखी, बाकी शुकशुकाट. रिफ्ट व्हॅलीच्या घाटात जिथे नेहमी दुकानं आणि फोटोवाले असतात तिथे दोनच टपऱ्या उघड्या. शहरात खाली उतरलोच नाही, वेस्टलँड्सहून एअरपोर्टकडे जाणारा 27 किलोमीटरचा नवीन टोलचा एक्सप्रेसवे, दोन-तीन आठवड्यांपूर्वीच त्याचं अधिकृत उद्घाटन झालं होतं, त्यावरून वरच्या वर. खाली नैरोबी, सोमवारी रात्रीनंतर बंद ठेवलेली दुकानं, एवढं मोठं शहर आणि मंगळवारी दुपारी गाड्याच नाहीत. एअरपोर्टवर विमानाच्या सहा तास आधी पोचलो. कंटाळा आला, पण बाबांच्या गोळ्या, जेवण, सगळं शांतपणे झालं.

आता जे पटलं नाही ते. कॅम्पचं वायफाय नावापुरतं होतं, एरवी मला फरक पडत नाही पण अशा दिवसांत घरच्यांना "आम्ही ठीक आहोत" एवढं कळवायला रोज ते टेकाड चढायला लागायचं, 68 च्या माणसाला ते अवघड. कंपनीने निवडणुकीच्या दिवसांसाठी निदान एक चांगलं लोकल सिम गाडीत ठेवायला हवं होतं, हे मी त्यांना सांगितलं. शाकाहारी लंच बॉक्स म्हणजे सहा दिवस तेच चीज सँडविच, अंडं आणि केळं. रात्रीचं जेवण मात्र छान, सुकुमा विकी म्हणजे आपल्या भाजीसारखीच परतलेली पालेभाजी, चपाती तर त्यांच्याकडे चपातीच. यलो फीवरच्या लशीबद्दल त्यांनी एक अक्षर सांगितलं नाही. परत येताना मुंबईला कार्ड बघतात, नसेल तर क्वारंटाइन करू शकतात, आणि लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आम्हाला माहीत होतं म्हणून वाचलो.

पैसे: दहा रात्री, चौघांना स्वतंत्र लँडक्रुझर, विमान आणि व्हिसा सोडून माणशी साधारण 1,900 डॉलर पडले. नैरोबीऐवजी माराला थांबल्याचे चौघांचे मिळून 740 डॉलर जास्त गेले, त्यातले बरेचसे पार्कच्या फीचे, आणि त्यांनी त्यावर आपलं काही लावलं नाही, कॅम्पचं बिल आणि पार्कच्या पावत्या दोन्ही दाखवल्या. व्हिसाचं आता बदललंय, 2024 पासून ईटीए म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी काढायला लागते.

ओडिंगा निकालाविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले, 5 सप्टेंबरला कोर्टाने एकमताने निकाल कायम ठेवला. त्या दिवशी गाईडचा मेसेज आला, कोर्ट संपलं, मुलगी शाळेत गेली, म्झेला सांगा फिश ईगलने पिल्लं काढलीत. बाबांनी तो मेसेज मला दोनदा वाचायला लावला.

2027 साठी विचाराल तर मी स्वतः ऑगस्ट टाळेन. सप्टेंबरही पक्का धरू नका, 2017 ला कोर्टाचा निकाल 1 सप्टेंबरला आला आणि परत सगळं ऑक्टोबरपर्यंत लांबलं. मधे जून 2024 ला नवीन करांविरुद्ध तरुण मुलं रस्त्यावर उतरली, संसदेत घुसली, त्यात बरेच जीव गेले, ते मनात अजून ताजं आहे. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात कळप यायला लागतात, तेव्हा जाऊन महिनाअखेर परत या. आम्हीही त्याच हिशोबाने परत जायचं म्हणतोय, बाबांना आता टेकाड चढवणार नाही, म्हणून फक्त नैवाशा. गाईडला विचारलं तर त्याचं उत्तर आलं, जुलै चालेल, पण 10 ऑगस्टची गाडी मी कोणासाठीच घेणार नाही, त्या दिवशी मला रांगेत उभं राहायचंय.